सात वर्षांचं पिल्लू

— न्हाई न्हाई, नकाशा गुंडाळू नका पावणं, असाच राहू द्या. चहा न्हाई सांडणार त्याच्यावर. उलटा दिसतोय मला, तरी वाचतेय — 'गाभा क्षेत्र, प्रवेश निषिद्ध'. बघा, चुकले का? शाळेची पायरी न्हाई चढले मी, पण एसटीच्या पाट्या वाचून शिकले — मंचर, घोडेगाव, डिंभे — आन् गाडी धुरळ्यातनं येते तवा पाटी अर्धीच दिसते, अर्ध्या अक्षरावरनं अख्खं गाव ओळखावं लागतं. तुमचा नकाशा तर हातभर अंतरावर हाय. हा हिरवा पट्टा म्हंजे अभयारण्य, ही निळी शेपटी म्हंजे धरणाचं पाणी, आन् ह्यो तांबडा गोल — ह्यो कुठला? बोला की. आमची राई ना ती? वाघोबाची राई. गजराबाईच्या ओट्यावर बसायचं, गजराबाईचा चहा प्यायचा आन् गजराबाईच्याच राईला तांबडा गोल मारायचा. वर मला समजावताय — आजी, वनखात्याचा दहा वर्षांचा आराखडा हाय, लांबचा विचार करावा लागतो.

लांबचा विचार मला नका शिकवू, राव. त्या राईत कुऱ्हाड-कोयता जात न्हाई. पायताण ओढ्याच्या अलीकडं काढायचं. वाळून पडलेली काटकीसुद्धा चुलीला आणायची न्हाई. माझ्या सासूच्या ओझ्यात एकदा चुकून एक फांदी आली — राईतली, जांभळीची, वाऱ्यानं पडलेली — भाकरी भाजून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. झालं. त्या भाकरीला घरात कुणी हात लावीना. सासूनं दुरडी उचलली, राईच्या कडेला नेऊन ठेवली, आन् आमी सगळे पाणी पिऊन निजलो. दीर म्हणाला, भाकरीनं काय पाप केलं? सासू म्हणाली, आज ही भाकर गोड लागली तर उद्या फांदी मोडशील. हा आमचा आराखडा. कागद न्हाई, शिक्का न्हाई, पर भूक लागली की बराबर आठवतो.

आन् वाघबारस ठाऊक हाय का तुमाला? दिवाळीच्या तोंडावर. तुमी पुण्याची माणसं त्या दिवशी गाय-वासरू पूजता, आमी मेंढरंवाले वाघ पूजतो — आता गाय किती बी चांगली असो, तिला खाणारा तो, तवा आधी त्याला विचारलेलं बरं. राईच्या पार आत, झऱ्यापाशी, शेंदूर लावलेला दगड हाय, त्याच्यावर वाघ कोरलाय — कोरलाय म्हंजे काय, मांजरच दिसतंय, पर कोरणाऱ्यानं मनापासून कोरलंय. त्याला खीर. चाळीस वर्षं झाली, एक वाघबारस चुकली न्हाई माझी. आशा माझी लेक, तिच्या वेळी मला नववा महिना व्हता, तरी पातेलं डोक्यावर घेऊन गेले व्हते. आधी आख्खी वाडी यायची, आता कुणी पुण्याला, कुणी चाकणला, गेल्या साली मी एकटीच — मी आन् पातेलं. आन् आता तुमी म्हणताय, आत पाऊल टाकायचं न्हाई. कुणीच. का? तर आत बिबट्याचं कुटुंब हाय. नर, मादी, पिल्लू. त्यांना त्रास नको. अहो, त्यांचा आन् माझा घरोबा हाय. मी रोज जाते तिथं, झऱ्याचं पाणी आणते, त्यांनी कधी 'का आलीस' म्हणून विचारलं न्हाई.

भ्या? कशाचं भ्या? ओळखतात ते मला. — कशी म्हंजे? वासावरनं. — न्हाई बा, दिसत न्हाईत रोज. वाघ काय रोज दिसायला शेजारीण हाय का? — कोणती वही? भिमाजीची? आमचा जुना गार्ड, गेल्या साली रिटायर झाला तो? दाखवा. अक्षर बघा कसं, मुंग्या सांडल्यागत. हां, ही मोजदाद. दर उन्हाळ्यात झऱ्याच्या चिखलात ठसा शोधायचा, त्याच्यावर काच ठेवायची, वरनं गिरवायचं. माणूस कामाचा, पर भित्रा. झऱ्याच्या पुढं कधी एक पाऊल टाकलं न्हाई त्यानं.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. — पिल्लू सात वर्षं पिल्लूच कसं?

आता त्याला मी काय करू. असतं एखाद्याचं अंग बारीक. आमच्या लंकाबाईचा थोरला न्हाई का, बारावीला गेला तरी कंडक्टर अर्धं तिकीट द्यायचा. खायला मिळत नसंल पोटभर. — पंजा केसभरसुद्धा वाढला न्हाई? तुमी पट्टी लावून मोजलंय, व्हय? सातही वर्षांचे? लई रिकामा वेळ दिसतोय पुण्याला. अहो पावणं, दर साली नवा पंजा तासायचा तर पांगारा कुठनं आणायचा, धरणाच्या पाण्यात गेली सगळी झाडं —

— काय म्हणाले मी? काही न्हाई म्हणाले. चहा घ्या. साय आलीय.

हसताय कशाला? — बरं. ठेवा तो पेन खाली. ठेवा म्हणते ना. पेन खाली असंल तवर बोलते, उचललात की मी आंधळी, बहिरी आन् अडाणी.

नऊ वर्षं झाली. दादाभाऊ, माझा धाकटा दीर, देवाच्या कमिटीचा तोच मुख्य. त्याला एक लाकडाचा ठेकेदार भेटला — लांबचा व्हता, नाव न्हाई घेत मी, घेतलं तर तोंड विटाळंल. तो म्हणाला, राईतली झाडं द्या, तुमच्या देवाला स्लॅबचं देऊळ बांधून देतो. आन् आमची शहाणी माणसं माना डोलावत बसली. देव बिचारा पावसात भिजतोय. झाडं देवाचीच, देऊळबी देवाचंच — देवाचं देवाला, आपलं काय गेलं? मी चावडीवर उभी राहिले आन् म्हणाले, अरे, त्याला सावली लागती म्हणून तर तो तिथं जाऊन बसलाय, तुमी त्याचं छप्पर काढून त्याला छप्पर बांधून देताय. दोघं-चौघं माझ्याकडं वळून बसली. मला वाटलं, पटलं. मग दादाभाऊ म्हणाला, वहिनी, भाकरी करपंल बघा घरी.

भाकरी. बरं म्हणलं. घरी आले, पांगाऱ्याचं लाकूड घेतलं — मऊ असतंय, लोण्यागत — आन् पंजा तासला. मागं गादी, पुढं चार बोटं. नखं न्हाई काढली, कुत्र्याची उमटतात, वाघ नखं आत घेऊन चालतो — दहा वर्षांची असल्यापासनं मेंढरांमागं हिंडलेय मी, मला कुणी सांगायला नको. काठीच्या टोकाला बांधला आन् झऱ्यापास्नं ओढ्यापर्यंत उठवत आले. माझी एक म्हातारी मेंढी त्याच दिवशी मेली व्हती, खोकल्यानं, ती फरफटत नेऊन तिथं टाकली. बिचारी जिती असताना दोन पावलं चालंना, मेल्यावर वाघाला कामाला आली. झाडं तोडणारे सकाळी ओढा उतरून आले, ठसे बघितले, मेंढी बघितली, आन् पायताण तिथंच टाकून पळाले. ठेकेदार पुन्हा फिरकला न्हाई.

तिथंच थांबायला पाहिजे व्हतं. पर भिमाजी आला ना काच घेऊन. मला म्हणतो, गजराबाई, तुमी रोज जाता, पुढल्या साली मोजदादीला दिसलं पाहिजे हे जनावर, न्हाई तर मेलं असं लिहावं लागंल. आता नऊ-दहा महिन्यांत मारायचं का बिचाऱ्याला? पुढल्या साली पुन्हा उठवला. भिमाजी लई खूश. माझ्या ओट्यावर बसून मला शिकवायला लागला — नराचा पंजा चौकोनी, मादीचा जरा लांबट. मला वाटलं, एकटाच किती दिवस राहील तो. मादी केली. मग मादी आली म्हणल्यावर — आता तुमीच सांगा, संसार म्हणल्यावर एखादं लेकरू नको? आन् खात्याला मागचा डावाच पाय लागतो, म्हणून मी तेवढाच तासायची. नीट बघा ती वही. तिघांचेबी चारी पाय डावे हायत. भिमाजीला शाल-श्रीफळ मिळालं, बिबट्याचं कुटुंब राखलं म्हणून. मीबी गेले व्हते समारंभाला. टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या मला व्हत्या.

तवा पावणं, हे असं हाय. तुमचा तांबडा गोल माझ्या काठीनं काढलाय. मी वाघ केला, वाघानं राई राखली, आन् आता तोच वाघ मला भाईर काढतोय. बरी अद्दल घडवली मांजरतोंड्यानं. पुसा तो गोल. खरं काय ते सांगितलं तुमाला.

— पुसला तर काय?

व्हय. ते न्हाई आलं माझ्या ध्यानात. वाघ न्हाई म्हणल्यावर तुमचा पट्टा राईच्या पलीकडंच थांबणार. आन् दादाभाऊ काय मेला न्हाई अजून. परवाच म्हणत व्हता, शेजारच्या वाडीच्या देवाला स्लॅब पडला, आपलाच देव उघडा.

थांबा. शेकरू न्हाई का चालायचं तुमाला? तांबूस, झुपकेदार शेपटीचं, या फांदीवरनं त्या फांदीवर दहा हात उडी मारतं ते — ठाऊकय ना, मग? लई हायत राईत. तुमच्या वहीत कसं असंल, वही लिहिणारा झऱ्याच्या पुढं गेला असता तर दिसलं असतं ना. त्याला मीच भ्या घातलं, ते सोडा. एकतीस घरटी हायत. पर एकतीस शेकरं न्हाई लिहायची हां, फसाल — एकेक जण चार-चार घरटी बांधून ठेवतं, पुण्याच्या मोठ्या लोकांगत, राहायला एक आन् कुलपात तीन. खरी शेकरं आठ. फार तर नऊ, त्या बेहड्यावरच्या जोडीचं मला नक्की न्हाई. हे मी तासलेलं न्हाई बरं का, पावणं. हे डोळ्यांनी मोजलेलं हाय, दर साली, होळीच्या सुमाराला, पानं झडली की. उद्या चला, दाखवते. पायताण काढून.

आन् वाघांचं लिहा, गेले म्हणून. जुन्नरकडं उसात लई बिबटे झालेत म्हणतात, आमचेबी तिकडं गेले, लेकराला घेऊन. भिमाजीची शाल राहू द्या त्याच्या अंगावर, थंडी असते आमच्याकडं.

लिहिताय ना? मग तोंड का असं? — शेकरू असलं तरी?

शेकरू असलं तरी गोल तांबडाच. आन् तांबड्या गोलात कुणीच न्हाई. म्हंजे वाघ असो, शेकरू असो, गजराबाई ओढ्याच्या अलीकडं.

— न्हाई, बोलू नका जरा. बघा ती मेंढरं कुठं गेली का. हायत ना? बरं.

लिहा. घरटी एकतीस. शेकरं आठ, नववं संशयाचं. मोजणारीचं नाव गजराबाई, पूर्ण नाव घाला, नवऱ्याचं मधी, ज्योतिबा. गोल राहू द्या तांबडा. ओढ्याकडची रेघ जरा अलीकडं घ्या नकाशात, ती उंबराची रांग भाईर राहिलीय तुमची. हां, तिथनं. दादाभाऊच्या स्लॅबपेक्षा तुमचा गोल बरा, कागदाचा असला तरी.

आता मला सांगा, आत कुणाला जाता येतं? खात्याच्या माणसांना. कामापुरतं. झालं तर मग. वाघबारशीची खीर खात्यानं करायची. — हसू नका, लिहा. दहा वर्षांचा आराखडा ना? दहा वर्षं म्हंजे दहा खिरी. दूध म्हशीचं चालंल, पिशवीचं न्हाई. तांदूळ आंबेमोहोराचे, धुऊन सुकवलेले. गूळ, साखर न्हाई. गूळ दूध उतरवल्यावर टाकायचा, न्हाईतर नासतंय, खात्याला काय कळणार, म्हणून सांगते. पातेलं डोक्यावर न्यायचं. जीप ओढ्याच्या अलीकडं. पायताण काढायचं — बूट असले तर बूट, मोठा साहेब असला तर मोठ्या साहेबाचे बूट. पळसाच्या पानावर वाढायची आन् निघताना पाठ फिरवायची न्हाई, उलट्या पावलांनी यायचं, दहा पावलं तरी.

वाचून दाखवा. — काय? 'स्थानिक परंपरेनुसार योग्य ती कार्यवाही करण्यात यावी'? खोडा ते. कार्यवाही काय पानावर वाढता येते? खीर लिहा. ख-ला दुसरी वेलांटी. मला दिसतंय इथनं.

हां. आता खाली सही करा. पहिल्या साली गुठळ्या होतील, होऊ द्या. मी अलीकडं उभी राहीन आन् ओरडून सांगीन.

निघा आता. — न्हाई, कप राहू द्या, मी धुते. निघा म्हणते ना.