टाकीतला दाणा

सन्माननीय अध्यक्ष भूपेशसाहेब, व्यासपीठावरच्या आमच्या कामगार संघटनेच्या भारतीताई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि छत्तीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर उभे राहिलेले कमळाकर, पहिल्या रांगेतल्या सखूवहिनी, आणि पंखे बंद पडूनही अंबरनाथ पश्चिमेच्या या सभागृहात थांबलेल्या बंधू-भगिनींनो,

मी आनंदा, टूलरूममधला. मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब, सहा झाली तर बेल वाजवू नका, आधीच धीर थोडा आहे.

कमळाकरने सोनिवलीच्या शेतात विमान बांधलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते उडालं नाही, हे तर बदलापूरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे. "काय कॅप्टन, आज कुठली फ्लाइट?" असं रोज गेटवर विचारणारे आज हार घेऊन आलेत. त्यांचंही स्वागत.

इंजिन उल्हासनगरच्या भंगारातलं, कुठल्याशा परदेशी गाडीचं. मी दुकानदाराला विचारलं, "साईं, चलेगा क्या?" तो म्हणाला, "चलता तो मैं तौल के बेचता क्या?" कमळाकरने ते टेम्पोत मांडीला मांडी लावून आणलं. त्यात पिस्टन नसतो. समोशासारखा तिकोनी रोटर आत गरगर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांना तीन सीलं असतात. ती भिंतीला घासत, तेल पीत, हळूहळू बसावी लागतात. त्यासाठी पहिले काही तास इंजिन लाडाने, कमी-जास्त वेगात चालवायचं. आपल्याकडे इंजिन बसलं म्हणजे मेलं. कमळाकर मात्र मला सांगायचा, "सील बसलं का इंजिन जगलं, पघ."

त्याला काय हवं होतं? आकाश नको होतं हो. भात कापल्यावर मोकळ्या होणाऱ्या बापाच्या शेतात एकदा, फक्त एकदा, चाकं जमिनीवरून सुटलेली बघायची होती. परवानगीसाठी त्याने किती पत्रं लिहिली! प्रत्येक कचेरीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. त्याने तेही हसून घेतलं. म्हणाला, "कागद येल तवा येल, इंजिन तरी तयार ठेवू."

इंजिन गार असताना छान सुरू व्हायचं. वेग वाढवला की वीस मिनिटांत दम सोडायचं, आणि तापल्यावर पुन्हा सुरूच व्हायचं नाही. उघडावं तर सीलं झिजलेली, भिंतीवर ओरखडे. म्हणजे तेल कमी पडतंय. पण पंप तपासला तर तेल बरोबर येतंय! त्याने पंप बदलला, नळी बदलली, तेल बदललं, रेडिएटर बदलला. तीनदा इंजिन उघडलं, तीनदा नवी सीलं घातली, तीनदा तेच.

ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून मशीनचं खराब बेअरिंग ओळखलं, त्याने तिसऱ्या वेळी पाना खाली ठेवला. म्हणाला, "आनंदा, माझा हात गेला रं. मलाच काय कलत नाय." दुसऱ्या आठवड्यात त्याने स्टोअरमध्ये बदली मागितली. तुम्ही म्हणालात, वय झालं. वय नव्हतं झालं, साहेब. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्या शेतातून उडालेली तेवढी एकच गोष्ट.

यंदा शेताच्या टोकाला इमारतीची भिंत उभी राहिली. विमानाची शेडही रिकामी करायची होती. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी हॅक्सॉने पंख कापले, अखंड टेम्पोत मावेनात म्हणून. एक टोक त्याने धरलं, एक मी. मी मात्र मान खाली घालून माझंच टोक बघत होतो.

कारण पंख कापायच्या जरा आधी मी सीलांच्या तेलाची छोटी टाकी कापली होती. आत तेल हिंदकळू नये म्हणून एक आडवा पत्रा आहे. त्याच्या मागे एक तांदूळ चिकटला होता. काळा झालेला, पण एका बाजूला कुंकवाची लाली अजून होती.

मंडळी, चार वर्षांपूर्वीचा दसरा. इंजिन नुकतंच जोडलेलं, तेल भरायचं म्हणून टाकीचं झाकण उघडं. कमळाकर झेंडू आणायला निघाला. जाताना म्हणाला, "पूजा तू कर, पन लांबून कर. आत काय जायाला नको." आणि मी? मित्राचं विमान उडावं म्हणून मूठभर अक्षता उधळल्या. हात आखडता कसा घ्यायचा, शुभकार्य ना!

वेग वाढला की तेलाबरोबर तो दाणा ओढला जाऊन टाकीतून तेल बाहेर जायच्या बारीक भोकावर बसायचा. इंजिन थांबलं की बाजूला. तपासताना कसा सापडणार? कमळाकरने विचारलं, "काय गावलं रं?" मी मूठ मिटली आणि म्हणालो, "काय नाय, कचरा."

तो दाणा या पुडीत आहे. भूपेशसाहेब, भारतीताई, हे चारचौघांत सांगतोय, कारण चारचौघांनीच त्याला हसून घेतलं. त्याचा हात गेला नव्हता. त्याची जोडणी चोख होती. ते इंजिन चाललं असतं. आता शेत नाही, पंख नाहीत, आणि उद्यापासून कमळाकरला गेटपासही नाही. हे ऐकून त्याला बरं वाटेल की जास्तच वाईट, मला माहीत नाही. बहुतेक वाईटच वाटेल.

थोड्या वेळाने कमळाकरचं औक्षण आहे. सखूवहिनी, ताट माझ्याकडे आलं तर पुढे सरकवा. माझ्या हातात अक्षता देऊ नका.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. हा एक दाणा मात्र सभेचा नाही, कमळाकरचा आहे. तो पोटात घाल असं त्याला कुठल्या तोंडाने सांगू?