आवाजाचा निकाल

मी मूळची नेऱ्याची. वडील शेतकरी, पण घरात वर्तमानपत्र यायचं आणि ते मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, म्हणून असेल, पुढं शाळेत ग्रंथपालच झाले. पोरांनी पान फाडलेलं पुस्तक हातात आलं की माझं डोकं आजही फिरतं. लग्न होऊन मारुंजीत आले तेव्हा इथं शेतं होती, आता आमच्याच घराच्या वरच्या दोन मजल्यांवर कंपनीत जाणारी मुलं भाड्यानं राहतात आणि मला काकू म्हणतात. आमच्या ह्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आठ महिने झाले ह्यांना जाऊन. तुम्ही लिहून घेताय म्हणून शांतपणे सांगायचं ठरवलंय, पण राग आला तर येईल, तोही लिहा.

ह्यांना एकच नाद, जुने काळे-पांढरे मराठी सिनेमे. नाद म्हणजे नुसतं बघणं नव्हे. एकेका सिनेमाच्या बाजारात चार-चार तबकड्या निघालेल्या असतात, कोणी व्हीसीडी काढली, कोणी डीव्हीडी, सगळ्यांवर लिहिलेलं संपूर्ण चित्रपट, आणि काय सांगू तुम्हाला, संपूर्ण एकही नसतो. एकानं गाणं कापलेलं, एकानं चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर बसवायला वरून-खालून छाटलेलं, म्हणजे बाई डोक्यावर हंडा घेऊन चाललीय तर हंडाच गायब, एकानं कोपऱ्यात कंपनीचं नाव चिकटवलेलं, ते बरोबर मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर. आमचे हे त्या चारही आणायचे, एकच प्रसंग चारांवर लावून बघायचे आणि त्यातली एक निवडायचे. ह्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून चित्र हे बघायचे आणि आवाज मी ऐकायची, डोळे मिटून. खरखर काढायच्या नादात काही दीडशहाणे बांगड्यांचा आवाज, माणसाचा श्वाससुद्धा पुसून टाकतात. मी बाद म्हटलं की बाद. दोघांचं जमल्याशिवाय निवड नाही.

निवडलेली तबकडी पांढऱ्या कागदी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीनं शेरा, आणि पाकीट पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. खोकं हे टाकून द्यायचे, खोकी खोटं बोलतात म्हणायचे. बाद झालेल्यांची मात्र चकचकीत खोकी, तबकड्यांसकट, बाहेर काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दिसायला बरी म्हणून मीच मांडलेली. आणि खोकं नसलेल्या बाद तबकड्या धाकट्या दिरांना, नामदेवभाऊजींना. त्यांची माले गावात भातशेती. दाणा भरला की पाखरं उतरतात, तेव्हा काठ्यांना तबकड्या टांगायच्या, त्या उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. दरवर्षी हे पिशवी भरून द्यायचे.

तेरावा झाल्यावर मी पंधरा दिवस भावाकडं नेऱ्याला गेले. किल्ली भाऊजींकडं, अधूनमधून येऊन तुळशीला पाणी घालायला. परत आले, पेटी उघडली, तर आत नुसती पाकिटं, एकावर एक नीट रचलेली. रिकामी. सगळ्यात वरच्यावर ह्यांचं अक्षर, सिनेमाचं नाव आणि त्याखाली, चित्र उत्तम, शेवट पूर्ण, आवाज, तिचा निकाल बाकी. ती म्हणजे मी.

ती तबकडी हे सहा वर्षं शोधत होते. त्या सिनेमात शेवटी आई लेकीला सासरी सोडून एकटी माघारी चालत येते, काहीतरी गुणगुणत, आणि प्रत्येक कंपनीनं ते चालणं कापलंय, गोष्ट तर संपली म्हणून. जाण्याआधी आठ दिवस ह्यांना ती मिळाली. मला हाक मारली, ये, ऐक जरा. आमचं त्या दिवशी कशावरून तरी वाजलं होतं. मी म्हटलं, उद्या ऐकते. मग राहिलंच. पहिला राग लिहायचा तर माझा माझ्यावरचा लिहा.

तशीच माल्याला गेले. बांधावर उभी राहिले तर सगळं शेत चमकत होतं. सुंदर दिसत होतं, त्यानं तर आणखीच भडकले. भाऊजी, काय केलंत हे? तर ते म्हणाले, वैनी, दादानं माज्यासाटीच काडून ठिवल्या व्हत्या नव्हं? खोकं न्हाई, वर चित्र न्हाई, मला वाटलं बादच हायेत. चांगल्या हायेत की कपाटात, त्येस्नी म्या हात बी लावला न्हाई. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुमच्या पाखरांनी तरी संपूर्ण सिनेमे बघितले. जाऊबाई फिसकन हसल्या, मग माझ्याकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

परतीचा पाऊस होऊन गेलेला, तबकड्या चिखलानं माखलेल्या. मी तशाच टाकून आले. चार दिवसांनी भाऊजी पोतं घेऊन दारात. वैनी, एक न् एक काडून आनलीया, धुऊन. कशानं धुतल्या? राखंनं, तारंच्या घासणीनं, लई घासल्या, बगा, तोंड दिसतंय. काय करायचं ह्या माणसाला? नाव छापलेल्या बाजूवरून ती एक शोधली आणि लावली. भाऊजी टोपी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेले. यंत्रानं दोनदा घरघर केली आणि तबकडी बाहेर ढकलली. दिसंल का वैनी? नाही, म्हटलं. तर म्हणाले, आन् ऐकू तरी? तेव्हा मात्र मी उठून आत गेले.

वरची मुलं म्हणतात, काकू, ऑनलाइन सगळं मिळतं. त्यांच्या मोबाइलवर बघितलं, आईनं लेकीला सोडलं आणि समाप्त. एवढंच तुमचं सगळं, म्हटलं. आता दर गुरुवारी भाऊजी येतात आणि आम्ही काचेच्या कपाटातल्या बाद तबकड्या लावतो, त्यातल्या त्यात कमी वाईट निवडायला, दुसरं उरलंय काय? चित्र ते बघतात. नजर तिखट आहे. परवा ओरडले, ह्या बयेचं पाय कुटं ग्येलं? कापलं काय ह्या मुडद्यांनी? देव भाऊजींना सुखी ठेवो, त्यांना माहीत नव्हतं.

माहीत असून करणाऱ्यांचं काय? त्याच दिवशी पुण्यातल्या एका तबकड्या विकणाऱ्याला त्या सिनेमासाठी फोन केला. म्हणाला, काकू, नवी आलीय, एकदम स्वच्छ प्रिंट. विचारलं, आई माघारी चालत येते, ते पूर्ण आहे? तो हसला. काकू, ते कोण बघतं, तोवर लोक उठलेले असतात. म्हटलं, बाळा, तुझंही भलं होवो, पण मी अजून बसलेय. तू शोध.