नानांची पकड

तुम्ही हुतूतूतल्या पकडीचं एवढं कौतुक करता, तर आमच्या नानाकाकांचं ऐका. धुळ्याच्या तालमीत तीस वर्षं त्यांनी फक्त पकड शिकवली. सराव चालू असताना तेच मध्ये ओरडायचे, "सोडा रे!" आणि जो सोडेल त्याच्या पोटरीवर छडी बसायची. चढाईवाला विव्हळला तरी ते सोंगच समजायचं, असा त्यांचा नियम. कॉलेजातून सुट्टीला आले की मी भांडायची, "नाना, ही कसली शिकवण?"

"तू तुनं पुस्तक वाच," एवढंच त्यांचं अहिराणीतलं उत्तर.

फैजपूरच्या संघाशी शेवटचा सामना होता. त्यांचा चढाईवाला आमच्या चौघांखाली दबला आणि किंचाळला, "हात! माझा हात!" त्याचा खांदा निखळलेला नानांना बाहेरून दिसला. ते जीव तोडून ओरडले, "सोडा रे!"

पोरांनी पकड आणखी आवळली.

तो हात पुन्हा कधी वर उचलला गेला नाही.

ढाल आम्हाला मिळाली. नाना तिच्याकडे पाठ करून बसले होते. मी संतापून म्हणाले, "आता तरी शिकवणं बंद करा."

"आते कसं बंद करू, पोरी?" नाना म्हणाले. "धरानं शिकाडं, पोरेस्ले सोडानं शिकाडनं बाकी शे."