सर्व्हरच्या कपाटाचं दार

...म्हणजे दोषी कोण, तर मी! तुम्हाला सांगतो, दवाखान्यात काहीही अडलं की आधी माझ्या नावाने शंख. एक्स-रेवाला दादा फोन करतो, "सर्व्हरवाले, पेशंटचा पाय गुडघ्यापर्यंतच आलाय हो!" आता उरलेला पाय काय मी खिशात घालून फिरतोय? अहो, फोटो सर्व्हरवरून डॉक्टरबाईंच्या टेबलावर जातो तो छोट्या छोट्या पॅकेटांतून, वाटेत पॅकेटं खराब व्हायला लागली की सर्व्हर कंटाळून लाइन तोडतो, आणि पाय राहतो गुडघ्यावर! डॉक्टरबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी दुसरा माणूस बघते." शांतपणे म्हणाल्या हो! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण मी सोडणाऱ्यातला नाही.

सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं, फोटो तुटतोच. तारा जोडायच्या डब्यावरची, म्हणजे स्विचवरची, जागा बदलली, कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला... तुटतोच! मग कपाटाचं दार सताड उघडून, समोर स्टूल टाकून, स्क्रीनवरच्या खराब पॅकेटांच्या आकड्यावर डोळे लावून दिवसभर बसलो. आकडा आपला चढतोय, चढतोय... बायको म्हणते, "अहो, जेवताना तरी तो आकडा पुटपुटू नका." पण मी सोडणाऱ्यातला आहे का? नाही!

आणि गुरुवारी मला भरला ताप. घरून फोन केला, "दादा, किती फोटो तुटले?" "एकही नाही. तुम्ही आराम करा. चांगला आठवडाभर करा." लागलं हो मनाला! शुक्रवारी तसाच उठून गेलो, कपाट उघडलं, तर आतल्या खोलीतून दादा, "आलात वाटतं?" ह्याला कसं कळलं? तर फोटोत कुणाचा तरी हात कोपरावर अडकला होता!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दार लावलं, आकडा थांबला. उघडलं, चढला. सर्व्हरची जादाची तार लोंबू नये म्हणून मीच ती बिजागरीमागून ओवली होती, छान, नीटनेटकी... दार उघडलं की चेंगरायची! पहिल्या दिवशी मी नुसती धूळ पुसायला उघडलं होतं. मग बिघडलं म्हणून मी बघायला जायचो, आणि मी बघायला गेलो की बिघडायचं!

नवी तार दारापासून लांबून नेली, दार दहादा आपटून पाहिलं. आकडा शून्य. पाय नखांपर्यंत आला! डॉक्टरबाईंना खरं ते सांगितलं, त्या हसल्या, मला ठेवलंही. सोमवारी बघतो तर कपाटाला कुलूप, किल्ली झाडणाऱ्या मावशींकडे, आणि दारावर पाटी, 'सर्व्हरवाल्यांनी उघडू नये'. मावशींना समजावलं, आता तार बदललीय, काही होत नाही. म्हणाल्या, "असेल हो. पण चाललंय ना? मग कशाला उघडायचं?" तुम्हाला सांगतो, मी सोडणाऱ्यातला नाही... पण हे सोडलं.