चाळीस नंबर की वीस-चाळीस?

सव्वीस डिसेंबर दोन हजार दोन, गुरुवार. सकाळी सहाला सात अंश, वारा नाही, कांद्याच्या पातीवर दव, आणि गाडी... नाही म्हणजे नाही! हे मी मनाचं सांगत नाही, वहीत लिहिलंय. चोक ओढला, सेल्फ मारला, तर आतून असा आवाज, जसं काही म्हातारं माणूस "आलो, आलो..." म्हणत उठतंय आणि परत गोधडी ओढून घेतंय! नऊ वेळा सेल्फ मारला. नऊ! मी मोजतो. माझी नोकरीच मोजायची, तुम्हाला सांगतो. डिंभ्याच्या धरणावर रोज सकाळी आठला पाण्याची पट्टी वाचायची आणि आकडा वहीत चढवायचा, आजवर एकही आठ चुकलेला नाही, आणि राहतो मी इकडं अवसरीत, आणि यष्टीचं म्हणाल तर ती येते हो, पण कधी येते ते तिलाही माहीत नसतं, म्हणून ही गाडी घेतली, चौऱ्याहत्तर सालची, गोल दिव्यांची, उन्हाळ्यात शहाणी, पावसाळ्यात बरी, आणि थंडी पडली की... आता तुम्हीच सांगा, तेल कुठलं घालायचं?

कारण रोग तेलाचा, हे सगळ्यांनाच मान्य. औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं! शेजारचे धर्माजी, सत्तरीचे, खांद्यावर घोंगडी, ते म्हणाले, "भाऊ, ट्रॅक्टरचं तेल घाल. माझा ट्रॅक्टर बघ, टचकन उठतोय." मंचरचा रामदास मिस्त्री, हात पुसत पुसत, "काका, तसलं काय करू नका. इंजिन जुनं हाये. जुन्याला जाडच पायजे. पातळ घातलं की वर चढतंय आन निळा धूर. चाळीस नंबर सोडायचं न्हाई." आणि समोरच्या साळुबाई, "भावजी, तेल गोठलं आसंल. आमची खोबरेलाची बाटली बघा, थंडीत निस्ता दगूड. चुलीपाशी ठिवा की डबा!" म्हटलं, अहो वहिनी, तेल डब्यात नाही, इंजिनात आहे, इंजिन चुलीपाशी ठेवू का? तर म्हणतात कशा, "मग चूल इंजिनापाशी न्या!" आणि नेली की! निखाऱ्यांची शेगडी घेऊन बाई गाडीखाली वाकल्या, तोवर धर्माजी ओरडले, "पेट्रोलच्या गाडीखाली इस्तू? गावाला तेराव्याचं जेवाण घालायचंय व्हय?" शेगडी परत. मग साळुबाईंनी गरम पाण्याचा हंडा आणला, तो इंजिनावर ओतला, वाफच वाफ, आणि गाडी? जागची हलली नाही.

मग राहतं काय? ढकलायचं!

आता आमची आळी अशी की घर खाली आणि रस्ता वर. म्हणजे आधी चढावर ढकला, मारुतीच्या वळणाला नेऊन टेकवा, मग उतार, मग दुसरा गिअर, मग क्लच सोडा, मग भडभडभड! त्याला माणसं लागतात पाच. मी धरत नाही हं मला, मी आत. डेअरीला निघालेला गेणू, किटल्या खाली ठेवून. साळुबाई आणि त्यांचे मालक चिमाजी. कोपऱ्यावरचे कुशाबा. आणि पाचवे धर्माजी, ते ढकलत नाहीत, ते सांगतात. "हां... लावा जोर... आरं गेणू, म्हशीला ढकलतोस व्हय, खांदा लाव!" आणि आमच्यात नियम दोन. गाडी ढकललेल्या माणसाला बिनचहाचं लावून द्यायचं नाही, आणि ढकलून सुरू झालेलं इंजिन बंद करायचं नाही. म्हणजे काय, गाडी दारात थडथड करतीये, मी आत चहा टाकतोय, आणि बाहेर सगळे बॉनेटभोवती हात शेकत उभे! कपसुद्धा बॉनेटवरच ठेवायचे. त्यांच्याखाली पत्रा हलायचा, कप आपोआप गोल फिरत सरकायचे, चिमाजी म्हणायचे, "धरा, चहा निघाला डिंभ्याला!" रोज तोच विनोद. रोज हसायचे. वीस मिनिटं. मी मोजलीयेत.

पण आठची पट्टी चुकली तर? रोज काठावर पोचत होतो, दोन मिनिटं आधी, एक मिनिट आधी. आता तुम्हीच सांगा, तेल कुठलं घालायचं?

थंडी सुरू झाली तेव्हाच मी तेलाच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन तीन दिवस बसलो. तर डब्यावर वीस डब्ल्यू चाळीस असं लिहितात ना, त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. थंडीत ते विसासारखं पातळ राहतं आणि इंजिन तापलं तरी चाळीससारखं जाड राहतं. मी चहाच्या वेळी हे सगळ्यांना समजावलं. धर्माजींनी बशी खाली ठेवली. "म्हंजी सकाळी येक आन दुपारी येक? आसल्या माणसावर आपुन इश्वास ठिवत न्हाई, तेलावर कुठनं ठिवायचा!"

तरी मी तपासलं. तीन बाटल्यांत तीन तेलं भरली, रात्रभर तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, पहाटे बाटली आडवी करायची आणि घड्याळात बघायचं, बुचापर्यंत यायला किती सेकंद? ट्रॅक्टरचं सव्वीस. चाळीस नंबर एक्केचाळीस. वीस-चाळीस चौदा! तेवढ्यात साळुबाई, "भावजी, काकवी केली व्हय? वाटीभर द्या की, भाकरीसंगं."

पाच जानेवारी, रविवार, रामदासकडून तेल बदललं. रामदास नाराज. "तुमचं तुमी बघा."

सहा जानेवारी, सोमवार. सहा अंश. एक सेल्फ. एक! लागली की हो गाडी, अशी गोड, जशी काही कधी रुसलीच नव्हती. धूर नाही, काही नाही. मला तर जिंकल्यासारखं झालं, हॉर्न वाजवावासा वाटला. समोरून साळुबाई हंडा घेऊन निघाल्याच होत्या, अर्ध्या रस्त्यात थांबल्या. "झाली व्हय सुरू? बरं झालं, बया." आणि हंडा घेऊन परत फिरल्या. गेणूनं किटल्या खाली ठेवल्याच नाहीत. धर्माजींनी लांबूनच हात वर केला.

सात जानेवारी, एक सेल्फ. आठ, एक सेल्फ. नऊ, एक सेल्फ. वहीत त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक, एक, एक... आणि माणसांचा रकाना असतो ना शेजारी, त्यात शून्य. चहा, कप एक. तोही मी स्वयंपाकघरात उभ्यानंच पितो, कारण बसायचं म्हटलं तर कुणासमोर? मंगल, म्हणजे आमचं कुटुंब, तीन वर्षं हडपसरला आहे, मुलाकडे, अमृतकडे, नातू लहान आहे, शौर्य, त्याला सांभाळायला. दोघं नोकरीवर, मग बघणार कोण? बरोबरच आहे तिचं. दर रविवारी फोन होतो. आधी कसं, ती विचारायची "गाडी काय म्हणतीये?" आणि मग मी सुरू! शेगडी, हंडा, गेणू, धर्माजी, ती तिकडं हसून हसून शौर्यला सांगायची, "आजोबांची गाडी ढकलली रे!" पंधरा पंधरा मिनिटं. बारा जानेवारीला विचारलं, "गाडी काय म्हणतीये?" म्हटलं, सुरू होते. "हां... बरंय मग." ती म्हणाली, "जेवलात?" म्हटलं, जेवलो. फोन दोन मिनिटं दहा सेकंद.

आता तुम्हीच सांगा, तेल कुठलं...

पुढचं ऐका. सोळा तारखेला संध्याकाळी परत येताना धर्माजी दिसले, पारावर, डोळ्यावर हिरवी पट्टी! मी गाडी उभी केली. "धर्माजी, हे काय?" "मोतीबिंदू काढला. आज चवथा दिस." चौथा! भिंतीला भिंत लागून घर, माणूस दवाखान्यात जाऊन आला, आणि मला पत्ता नाही? "अहो, सांगायचं तरी! गाडीनं नेलं असतं!" तर ते म्हणतात, "आरं भाऊ, तुझी गाडी आता फुरकन निघून जाती. म्हनलं कामात आसशील. कुठं आडवायचं?"

फुरकन निघून जाते. बरोबर आहे. चूक काहीच नाही यात कुणाची. तेल बरोबर, डिक्शनरी बरोबर, कंपनी बरोबर, सेकंदसुद्धा बरोबर... मग?

एकोणीस जानेवारी, रविवार, रामदासकडं गेलो. म्हटलं, हे काढ, चाळीस नंबर भर. तो बघतच राहिला. "काका, पण गाडी एका सेल्फला लागतीये म्हनं?" म्हटलं, तू भर. "धूर मारतीये का?" नाही. "मग?" म्हटलं, रामदास, तू म्हणाला होतास ना, जुन्याला जाडच पाहिजे? तर असा फुलला गडी! "मंग! मी काय उगंच सांगतोय व्हय? तुमी डिक्शनऱ्या बघा!" बघू दे म्हटलं त्याला वाटतंय ते. गजर अर्धा तास मागं घेतला, म्हणजे आठची पट्टी काठावर नको. मंगलचे कप फडताळातून काढून धुऊन ठेवले.

वीस जानेवारी दोन हजार तीन, सोमवार. सकाळी साडेपाचला आठ अंश, वारा नाही, धुकं. तेल चाळीस नंबर. सेल्फ अकरा. गाडी सुरू झाली नाही. माणसं पाच, पैकी एक डोळ्याला पट्टी बांधून. चहा सहा कप. डिंभ्याला पोचलो सात अठ्ठेचाळीसला. आठची नोंद वेळेवर.