दोन कार्डं रेघेबाहेर

— नाही, गठ्ठ्याची नाडी आत्ता सोडू नकोस, आधी बस तर खरी. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची, तिलाही हेच, समोर खोकं दिसलं की उघडायचं. बुटांचं खोकं आहे म्हणून हसू नकोस, कार्डं त्यात अगदी बरोबर बसतात. दोनशे आहेत, यांचा अख्खा प्रोग्राम. उद्या तुमच्या म्युझियममध्ये ते जुनं यंत्र चालू होणार, त्याला हीच कार्डं भरवणार, बुद्धिबळाचा तोच जुना डाव खेळवणार आणि हे पहिल्या रांगेत बसून बघणार — आठ दिवस झाले, कोट दारामागे टांगलाय आणि येता-जाता त्याच्यावरची धूळ झटकतायत. नसलेली धूळ. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, पण लग्नाला निघाल्यासारखा. आत्ता आत जरा पडलेत, म्हणून हळू बोलतेय.

मी? मी यांच्याच विभागात कार्डांना भोकं पाडायचे. हसण्यासारखं काय त्यात, पगार मिळायचा त्याचा. हे कागदावर प्रोग्राम लिहून द्यायचे — अक्षर असं की मुंगी शाईत बुडून चालत गेलीय — आणि मी तो मशीनवर टाइप करून भोकं पाडायची. एका ओळीला एक कार्ड. मग गठ्ठा करून वरच्या मजल्यावर, यंत्राच्या खोलीत. ती तिरकी लाल रेघ दिसतेय ना, गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत? ती माझी. गठ्ठा कधी हातातून सुटला तर परत कसा लावणार? रेघ जुळवायची, की झालं. आम्ही सगळ्याजणी मारायचो अशी रेघ. यांना ते इतकं आवडलं होतं — म्हणाले, ‘बाई, तुम्ही तर यंत्रापेक्षा हुशार.’ तेव्हा बाई म्हणायचे मला. बाई हे आज होईल का, बाई ते उद्या द्याल का. लग्न ठरलं त्या दिवसापासून नावाने हाक, त्यानंतर बाई म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर तो दिवस. यांचा ध्यास एकच — यंत्र विचार करू शकतं, हे दाखवायचं. सगळा विभाग यांची टिंगल करायचा. मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, बुद्धिबळात पटाईत. ते एकदा म्हणाले, बुधवारी मी स्वतः खेळतो तुमच्या यंत्राशी, आणि ते ठोंब्यासारखं खेळलं तर तुमची खोली मी पुस्तकं ठेवायला देतो. आणि खेळायचंच ते ठोंब्यासारखं! राजा, एक हत्ती, दोन प्यादी, एवढाच शेवटचा खेळ यायचा त्याला, आणि हत्तीला असं कवटाळून बसायचं की डाव कधी पुढेच जायचा नाही. बुधवारी मात्र काय झालं — सरांनी यंत्राच्या हत्तीवर आणि प्याद्यावर एकदम हल्ला केला, आणि यंत्राने हत्ती देऊन टाकला. फुकट. सर हसले. पण प्यादं वाचलं, ते चालत चालत पार पलीकडे गेलं, वजीर झालं, आणि सर हरले. हे जिन्यात येऊन बसले आणि रडले गं. मला म्हणाले, ‘बाई, त्याला त्याग कळला.’ पुढे त्यावर लेख, भाषणं, पदवी, खोली तर राहिलीच, शिवाय खिडकीवाली मिळाली. पुढच्या डावांत यंत्राने ऊठसूट हत्ती वाटायला सुरुवात केली, निम्मे डाव हरलं, ते सोड. हे म्हणायचे, त्यागाची हौस जरा जास्त झालीय, सुधारेल. सुधारायच्या आत नवीन यंत्र आलं, आणि हा गठ्ठा नाडी बांधून यांनी माझ्या हातात दिला. थांब, चहा उकळला वाटतं, आलेच मी.

— हं, घे. बिस्किटं मऊ पडलीयत, चहात बुडवायचीही गरज नाही. अगं, सोडलीसच ना शेवटी नाडी. काही नाही, बघ, बघ. पण ही रेघ — ही रेघ आता सलग कशी? काय केलंस तू? दोन कार्डं रेघेबाहेर होती म्हणून नीट लावलीस. नीट लावलीस. अगं बाई गं.

नाही, तुझी चूक नाही. मी रागावले नाही, बसून घेते फक्त. आता तुला सांगायलाच हवं, नाहीतर उद्या यांच्या तोंडासमोर ते यंत्र हत्ती धरून बसेल. ऐक — आणि हे तुझ्या त्या वहीत लिहायचं नाही. त्या बुधवारी मी गठ्ठा घेऊन जिना चढतेय आणि हे वरून धावत आले, सर आले बाई, सर आले, आणि धाडकन आपटले माझ्यावर. दोनशे कार्डं जिनाभर. रेघ बघून बघून लावली मी, पण घाईघाईत गं, वर सर बसलेले. प्रत्येक मोहऱ्याची किंमत एकेका कार्डावर असायची, नुसता आकडा, कुणाचा ते क्रमावरून — वजिराला नऊ, हत्तीला पाच, प्याद्याला एक. हत्तीचं कार्ड आणि प्याद्याचं कार्ड माझ्या हातून अदलाबदल झालं. यंत्राला वाटलं, प्यादंच मोलाचं. त्याग कसला डोंबलाचा.

मला कळलं तिसऱ्या दिवशी, कपाटात गठ्ठा ठेवताना. दोन ठिपके रेघेबाहेर. तोवर यांनी सगळ्या जगाला पत्रं टाकली होती. काय सांगणार होते मी? जिन्यात रडलेला माणूस डोळ्यांसमोर होता. तोंडाला कुलूप लावलं, ते आजवर. लेकींनाही ठाऊक नाही. पन्नास वर्षं या माणसाचं भाषण सुरू झालं की मी पदराकडे बघत बसते, आणि वाईट वाटतं, खरंच वाईट वाटतं, की इतकं मोठं खोटं मी यांना खरं मानू दिलं.

जाऊ दे. दे इकडे गठ्ठा, आपण होतं तसं करून टाकू. तुला कुठली दोन ते आठवतंय ना? हे प्याद्याचं. आणि हे — हो, हेच हत्तीचं. आता याच्या जागी ते आणि त्याच्या — हे मागे काय लिहिलंय? पेन्सिलने. तू नाही ना लिहिलंस? नाहीच, हे यांचं अक्षर. शाईतली मुंगी. चष्मा दे तो माझा.

‘ही दोन कार्डं उलटसुलट लागली आहेत. अशीच ठेवणे. बाईंना कळू देऊ नये, नोकरी जाईल.’

बाईंना.

म्हणजे लग्नाच्या आधी. म्हणजे ही सगळी भाषणं, ठाऊक असून —

अहो. जागे आहात का? अहो, ऐकलंत का —

काही नाही. कोट झटकून ठेवलाय, एवढंच सांगत होते. पडा तुम्ही.

नाडी दे गं ती. ही दोन्ही होती तशी रेघेबाहेर लावली, आता बांधते मीच. तू नीघ आता, उद्या दहाला घेऊन येऊ आम्ही.