पिकअप आणि उठणारे मामा

…नाही, रंगाबद्दल माझं काही म्हणणंच नाही, तुम्हाला सांगतो, पिकअप जांभळी असली तरी चालेल मला, पण ज्या शोरूममध्ये जावं तिथं पहिला प्रश्न काय, तर 'सर, रंग कोणता बघताय?' अरे बाबा, मला एवढंच सांग, ती ओढेल का?

काय ओढेल, तर ट्रेलर. कॉलेज संपल्यावर नोकऱ्या शोधायच्या सोडून मी आणि माझ्या दोन मित्रांनी भंगारातल्या ट्रेलरची फिरती प्रयोगशाळा केलीय… सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, सगळं. डोंगरावरच्या शाळेतल्या पोरांनी आम्ल आजवर फक्त फळ्यावर पाहिलंय, त्यांच्यासाठी. तिथल्या मुख्याध्यापिका बाई रोज फोन करतात, 'निघालात का? मुलं फाटकाशी उभी असतात हो.' आणि प्रयोगशाळा उभी आहे आमच्या अंगणात. आई तिच्यावर कपडे वाळत घालते.

तर पिकअप हवी. निम्मे पैसे मामांचे, म्हणून मामा बरोबर. आता भाव करायची मामांची एक पद्धत आहे. किंमत ऐकायची, मान हलवायची आणि उठायचं. मागून हाक येतेच, म्हणे. पंखे, सायकली, मामीचं कपाट, सगळं त्यांनी दारातून मागं वळूनच घेतलंय. नियम एकच, हाक आल्याशिवाय वळायचं नाही.

पहिल्या शोरूममधला विक्रेता म्हणाला, 'सर, स्क्रीन बघा, सीटला कंबरेचा आधार बघा.' मी म्हटलं, पण ओढेल का? तर म्हणे, 'मागं कॅमेरापण आहे.' म्हणजे जे ओढलं जात नाहीये ते दिसेल तरी. त्याने किंमत सांगितली, मामा उठले. दाराकडे निघालो… सावकाश… मामांनी बुटाची नाडी दोनदा बांधली… आणि आली मागून हाक, 'सर, दार लावून घ्या, एसी चालू आहे.'

दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. चौथ्या ठिकाणी तर मामा किंमत ऐकायच्या आधीच उठले. म्हणे, 'याचा चेहराच महाग आहे.' मी म्हटलं, मामा, वस्तूची एक प्रामाणिक किंमत असते, ती सांगावी, द्यावी, कामाला लागावं, ही नाटकं म्हणजे समाजाचा वेळ खाणं आहे. घरी येईपर्यंत बोलत होतो. मामा म्हणाले, 'बोलतोस छान. तिथं गप्प बसायला शिक.'

म्हणून पाचव्या, शेवटच्या शोरूममध्ये एकटाच गेलो. तिथल्या माणसाने, देव त्याचं भलं करो, आधी ट्रेलरचं वजन विचारलं. म्हणाला, 'ओढेल. चढावरही ओढेल. हुक आम्ही बसवून देऊ.' मी भीत भीत माझा आकडा सांगितला. तो म्हणाला, 'ठीक आहे.'

ठीक आहे? लगेच? मालकाला विचारणं नाही, कॅल्क्युलेटर नाही, कपाळावर आठी नाही… एवढ्या पटकन कुणी ठीक आहे म्हणतं का? गाडीत काहीतरी असणार, नाहीतर आकड्यात… आणि तुम्हाला सांगतो, डोकं अजून विचारच करत होतं, तोवर पाय उठले होते. मी दारात. तो बिचारा हातात पेन धरून बघतोय. आणि हाक काही मारत नाहीये.

घरी येऊन सांगितलं, तर मामांनी पाठ थोपटली. म्हणाले, 'आता त्याचा फोन येईल. आपण करायचा नाही.' तेव्हापासून बसलोय दोघं, मधे फोन ठेवून. आणि फोन येतो, नाही असं नाही, रोज येतो… बाईंचा.